आंबोलीच्या जंगलात एक निवांत दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जंगलात पहिल्यांदा राहायला जाणारा माणूस बहुतेक वेळा यादी घेऊन जातो. धनेश दिसला पाहिजे, शेकरू दिसलं पाहिजे, गवा दिसला पाहिजे आणि रविवारी दुपारपर्यंत धबधबाही उरकला पाहिजे. आंबोलीत हे जमत नाही. ताडोबाचं जंगल पानगळीचं, तिथे उन्हाळ्यात झाडी मोकळी होते आणि जनावर लांबून दिसतं. इथली झाडी सदाहरित आणि निमसदाहरित. पाच पावलांवर उभा असलेला गवासुद्धा नजरेतून सुटतो. तुम्ही चालत राहिलात, तर तुमच्या आधी तुमच्या बुटांचा आवाज पुढे पोहोचतो आणि जे बघायला निघालात ते आधीच निघून जातं. एका जागी तासभर गप्प बसलात, तर तेच जंगल तुमच्यासमोर येतं.

म्हणून खालच्या सगळ्या सूचनांत फिरणं कमी आहे आणि बसणं जास्त. उदाहरण आंबोलीचं घेतलंय, पण तिलारी, चोर्ला घाट किंवा गोव्यातल्या नेत्रावळी आणि खोतीगावच्या जंगलाजवळ राहणार असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी महिना ठरवा

आंबोली सावंतवाडी तालुक्यात, सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या या कड्याला थडकतात आणि वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस ओततात. त्यामुळे 'जायला चांगला काळ कोणता' याचं उत्तर तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरतं.

बेडूक, साप आणि रात्री चमकणारी बुरशी बघायची असेल तर जून ते सप्टेंबर. सप्टेंबरच्या सुमाराला सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, फुलं येतात, सीतेची आसवं वगैरे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलपाखरं भरपूर असतात. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते मार्च. हवा स्वच्छ, पानांवरून पाणी गळत नाही आणि हिवाळी पाहुणेही आलेले असतात. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आसपास काजवे.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला पावसाळ्यातच जा, पण मंगळवार-बुधवार गाठा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटातल्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, कणसाच्या धुरात आणि स्पीकरच्या दणदणाटात माणसं भिजत असतात. त्यांचीही मजा असेल, पण तुम्ही ज्यासाठी जाताय ते त्या दिवशी तिथे नसतं.

राहण्याची जागा: फोनवर विचारायचे प्रश्न

पाटीवर 'इको' लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे वेबसाइटवरचे फोटो बाजूला ठेवून सरळ फोन करा आणि विचारा. एकूण खोल्या किती? रात्री आवारात मोठे दिवे चालू असतात का? स्पीकर लावू देता का? जनरेटर कुठे आहे? आवारात उंबर, नांद्रुक, जांभूळ अशी जुनी झाडं आहेत का? रात्री जंगल दाखवायला गावातलाच माहीतगार माणूस मिळेल का?

दिव्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रात्रभर हॅलोजन जळणाऱ्या आवारात किडे दिव्यापाशी मरून पडतात आणि काजवे एकमेकांना दिसेनासे होतात. 'आमच्याकडे रात्री फक्त पायवाटेवर मिणमिणते दिवे असतात, टॉर्च आणा' असं उत्तर आलं, तर जागा चांगली असण्याची शक्यता मोठी. 'सर, डीजेची सोय होऊ शकते' असं आलं, तर फोन ठेवा.

प्राण्यांना अन्न टाकून समोर आणणाऱ्या जागा टाळा. भाकरीच्या तुकड्यांना सोकावलेली माकडं पुढच्या पाहुण्याच्या हातातली पिशवी ओढतात. मग गावात त्यांच्यावर दगड पडतात.

छोटा होमस्टे मिळाला तर उत्तम. जेवणही तिथलंच घ्या: घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. आधी कळवलं नाही तर मात्र 'पनीर चालेल ना?' असा प्रश्न येतो, कारण शहरातल्या पाहुण्यांना तेच हवं असतं असा त्यांचा समज आपणच करून दिला आहे.

सामान

कपडे मळखाऊ रंगाचे घ्या. हिरवा, तपकिरी, राखाडी. पांढरा आणि भडक पिवळा नको. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, लांब मोजे. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पण चालताना खसखस आवाज करणारा नको. बूट रबरी तळव्याचे. जांभ्या दगडावर शेवाळ आलं की चपलेने चालणं म्हणजे हाडवैद्याची सोय करणं.

दुर्बीण नक्की आणा. नवी घेणार असाल तर ८×४२ घ्या. यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दाट झाडीत उजेड कमी असतो, म्हणून मोठं भिंग कामाला येतं. १२ किंवा १६ पट दुर्बिणीच्या मोहात पडू नका. हात हलला की सगळं जंगल हलतं आणि पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो.

दुर्बिणीचा सराव घरीच करा. समोरच्या इमारतीवरच्या कावळ्याकडे बघा, नजर त्याच्यावरून हलू देऊ नका आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. नवखा माणूस खाली बघून दुर्बीण उचलतो, मग वर बघून फांदी शोधत बसतो.

टॉर्च दोन घ्या, एक डोक्याला बांधायचा आणि एक हातातला. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, वही-पेन्सिल, रोख पैसे. नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे वाटाड्याच्या हातात मोबाइलवरून पैसे द्यायचा बेत रस्त्यातच फसू शकतो. पक्ष्यांच्या आवाजावरून नाव सांगणारं 'मर्लिन' ॲप वापरायचं असेल, तर भारताची माहिती घरीच उतरवून ठेवा. ते नेटशिवाय चालतं. मात्र त्याच फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं समजून तो घरटं, पिल्लं, खाणं सोडून भांडायला येतो.

पोहोचणं

सावंतवाडीहून आंबोली साधारण ३० किलोमीटर आणि एसटी मिळते. कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्थानक सोयीचं. बेळगाव आणि कोल्हापूरकडूनही सरळ रस्ता आहे. दुपारी दोन-तीनपर्यंत पोहोचा. पहिल्या संध्याकाळी काही 'करायचं' नाही. आवारात एक चक्कर मारा, कुठल्या झाडाला फळं लागलीत ते बघा, ओढा कुठे आहे ते विचारा. उद्या पहाटे कुठे बसायचं हे आजच ठरवून ठेवा आणि नऊला झोपा.

पहाट: अंधारातच बाहेर

उजाडायच्या अर्धा तास आधी खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसा. चहा थर्मासमध्ये रात्रीच मागून ठेवा, म्हणजे कोणाला उठवायला नको. या वेळी काही दिसत नाही, ऐकायचं असतं. पावसाळ्याच्या सुमाराला ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू येईल, थेट माणसाने घातल्यासारखी, सूर सापडत-हरवत जाणारी. तो शीळकरी कस्तूर. गडद निळा-काळा पक्षी, ओढ्याकाठच्या दगडांत राहणारा. मग राखी रानकोंबडा आरवतो. घरच्या कोंबड्यापेक्षा तुटक आणि घोगरा. उजाडलं की कुटूर्गा सुरू होतो, तो दिवसभर थांबत नाही. सुरुवातीला हे तीन आवाज ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

उजेड आल्यावर फळांच्या झाडाकडे जा. उंबर, नांद्रुक, वड यांपैकी एखादं पिकलेलं असेल तर दुसरीकडे कुठेही जायची गरज नाही. झाडापासून वीस-पंचवीस पावलं लांब, खोडाला पाठ टेकून बसा, म्हणजे तुमची आकृती उठून दिसत नाही. आधी बुलबुल आणि हरियल येतात. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांत बसला की दहा असले तरी एक दिसत नाही, फळं टपटप पडायला लागली की समजायचं. त्याच फांद्यांवर शेकरू येतं. ते राज्यप्राणी. पाठ तांबूस, पोट फिकट आणि झुबकेदार शेपटी खाली लोंबत असते. ते मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लटकत फळं खातं. जवळपास फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. एकेक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं.

धनेश सहसा उशिरा येतो, उन्हं वर आल्यावर. तो दिसण्याआधी ऐकू येतो. मोठ्या धनेशाच्या पंखांतून हवा जाते तेव्हा वाफेच्या इंजिनासारखा भसभस आवाज होतो. साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत त्यांची वीण चालते. मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर दिवसभर फळं आणून तिला त्या फटीतून भरवतो. अशी ढोली कोणी दाखवायला नेली, तर लांबूनच बघा आणि पाच मिनिटांत निघा. तुम्ही झाडाखाली बसून राहिलात तर नर येणार नाही आणि आतली मादी उपाशी राहील.

आणि मग कधीतरी 'मिश्र थवा' येतो. नवख्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. पंधरा-वीस मिनिटं जंगलात पान हलत नाही. तुम्ही कंटाळता. आणि अचानक समोरच्या चार झाडांत पंधरा-वीस पक्षी एकदम. लाल-काळे गोमेट, खोडावर उलटे चालणारे शिलिंध्री, शेपटीला दोन तारा आणि टोकाला चपटी पिसं असलेला भृंगराज, एखादा सुतार. वेगवेगळ्या जातींचे हे पक्षी एकत्र किडे धरत पुढे सरकतात. एकाने उठवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकारी पक्षी आला तर पहारा द्यायला डोळेही जास्त असतात. भृंगराज यात पहारेकरी. तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकलाही करतो, त्यामुळे फक्त आवाजावरून नावं लिहू नका. असा थवा पाच मिनिटांत निघून जातो. त्या वेळी एकच पक्षी धरा आणि तोच नीट बघा. सगळ्यांवर दुर्बीण फिरवाल तर शेवटी एकही आठवणार नाही.

नाश्ता आणि दुपार

दहाला परत या. भरपेट खा.

साडेदहानंतर हवा तापते आणि दरीतून वर उठते, तिच्यावर सर्पगरुड आणि काळा गरुड घिरट्या घालतात. हवा स्वच्छ असेल तर महादेवगडाच्या किंवा कावळेसादच्या कड्यावरून ते तुमच्या पायांखाली उडताना दिसतात. वरून गरुडाची पाठ बघायला मिळणं ही कड्यावरच्या गावांचीच चैन. पावसात धुकं असेल तर जाऊ नका, समोरचं कठडंही दिसत नाही.

बारा ते तीन झोपा. जंगलही झोपतं. झोप येत नसेल तर ओल्या मातीपाशी किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ फुलपाखरं बसलेली असतील, मातीतले क्षार शोषत. तिथे राणी पाकोळी दिसेल, काळ्या पंखांवर निळ्या झाकेची. २०१५ साली ती महाराष्ट्राची राज्य फुलपाखरू झाली. गोव्याच्या बाजूला गेलात तर मलबार ट्री निंफ बघा, काळं-पांढरं, सावलीत कागदासारखं तरंगणारं. ते गोव्याचं राज्य फुलपाखरू.

या वेळात होमस्टेच्या मामींना 'आणखी काय बघण्यासारखं आहे?' असं विचारलंत तर बहुधा 'खंय जातलात? हयच बसा' असं उत्तर मिळेल. ते ऐका.

चार वाजता: हिरण्यकेशी

चालायचंच असेल तर हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत जा. गुहेतून पाणी येतं, तिथे देऊळ आणि कुंड आहे. या पाण्यात बोटाएवढा, रंगीत अंगाचा मासा आहे. शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० साली ही नवी जात म्हणून जाहीर झाली आणि २०२१ मध्ये या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पाण्यात पाय घालू नका, साबण नको, प्रसादाचे कण टाकू नका. काठावर उकिडवं बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि तळाच्या दगडांकडे बघत राहा.

वाटेत सडा लागला तर पायवाट सोडू नका. आंबोली टोड नावाचा छोटा बेडूक २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात 'टायग्रिना'. पावसाच्या सुरुवातीला तो सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. बुटाच्या तळव्याएवढं पाणी असतं ते. सेल्फीसाठी सड्यावर गाडी चढवणाऱ्याला कळतही नाही की त्याच्या टायरखाली काय गेलं.

सूर्य कलला की गवे मोकळ्या जागी येतात. रस्त्यात गवा आडवा आला तर गाडीतच थांबा, इंजिन बंद, हॉर्न नाही. पायी असाल तर मागे सरका, झाडाचा आडोसा घ्या. तो शांत दिसतो म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नका. दोडामार्ग-तिलारीच्या बाजूला राहणार असाल, तर हत्तींची चौकशी गावात करा. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती तिकडे येताहेत, तिथे अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही.

रात्र: अर्धा किलोमीटर, दीड तास

हा दिवसातला सगळ्यात श्रीमंत भाग, निदान पावसाळ्यात. पण एकट्याने नाही, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय नाही. गावातला माहीतगार माणूस घ्या, पैसे आधी ठरवा, आणि आवारात किंवा गावरस्त्याच्या कडेनेच चाला.

टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांत पडलेला उजेड थेट तुमच्याकडे परत येतो. गवतात दवबिंदूंसारखे बारीक चमकणारे ठिपके बहुधा कोळ्यांचे डोळे. पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढरा फेसाचा गोळा दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. आतली अंडी फुटली की भैरी, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, थेट खालच्या पाण्यात पडतात. जवळच तो स्वतःही असेल, हिरवागार, बोटांमध्ये लालसर पडदे. झुडपांतून येणारी 'टिक-टिक' ऐकून मोठा प्राणी शोधू नका. ते झुडपी बेडूक असतात, अंगठ्याच्या नखाएवढे.

बेडकाला हात लावायचा नाही. तो कातडीनेही श्वास घेतो आणि तुमच्या हाताला डास पळवणारं मलम लागलेलं असतं.

फांदीवर वेटोळं घालून बसलेला मलबारी चापडा हा साप दिसला तर दोन मीटर लांब राहा. हिरवा, तपकिरी, पिवळसर, नारिंगी अशा कुठल्याही रंगात तो असतो. भक्ष्य येईपर्यंत तासन्‌तास हलत नाही, त्यामुळे बघायला सोपा. तो विषारी आहे. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनते, चापड्यावर तिचा भरवसा नाही. कुठलाही साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. हातपाय न हलवता १०८ ला फोन करा किंवा सरळ सावंतवाडीचं सरकारी रुग्णालय गाठा.

फोटो चांगला यावा म्हणून साप काठीने उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवणारा वाटाड्या भेटला तर तिथूनच परत फिरा. असे वाटाडे तयार होतात ते आपल्यासारख्या पाहुण्यांच्या मागणीमुळे.

परतताना एका ठिकाणी सगळ्यांनी टॉर्च बंद करा. मोबाइलसुद्धा. पहिली पाच मिनिटं काळोखच. डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग कुजक्या लाकडावर फिकट हिरवट उजेड दिसायला लागतो, ती बुरशी. इंटरनेटवरच्या फोटोंत ती झगझगीत दिसते, कारण कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड साठवलेला असतो. प्रत्यक्षात ती इतकी मंद असते की सरळ बघण्यापेक्षा किंचित बाजूला बघितलं तर जास्त दिसते. हे आधी माहीत असेल तर निराशा होत नाही.

खोलीवर आल्यावर

मोजे काढून जळवा बघा. चिकटली असेल तर ओढू नका, तोंडाच्या बाजूने नख सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. धुऊन दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही.

गोचिडीचं मात्र वेगळं. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. धोका साधारण डिसेंबर-जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत. या महिन्यांत जंगलात जमिनीवर किंवा पाचोळ्यावर बसू नका, घडीची खुर्ची न्या. पहाटे खोडाला टेकून बसायला वर सांगितलंय ते पावसाळ्यापुरतं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात कळवा. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, काखेत, गुडघ्यामागे, कानामागे तपासा, कपडे लगेच गरम पाण्यात टाका. घरी गेल्यावर आठवड्याभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलात जाऊन आलोय' हे आपणहून सांगा. पुण्या-मुंबईतल्या डॉक्टरांना ते कळल्याशिवाय त्यांची शंका डेंग्यूपलीकडे जाणार नाही.